बारा नंबरचं पाऊल

मी पाय करते. लाकडाचे, रबराचे, चामड्याच्या पट्ट्यांचे. आधी वडील करायचे, त्यांच्या हाताखाली मी शिकले, आणि आता सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला जी लांबट शेड आहे तिथे गेली सव्वीस वर्षं माझंच राज्य आहे. लोक मला पायवाल्या बाई म्हणतात. त्याचा राग येत नाही. राग येतो तो माझ्याकडून नेलेल्या पायावर कोणी लंगडायला लागलं की. विजार चढवली, बूट घातला, की कुठला पाय आईने दिलाय आणि कुठला मी, हे समोरच्याला कळता कामा नये. हा माझा कायदा.

तो मी एकाच माणसासाठी मोडला, आणि तीनदा मोडला.

चौदा वर्षांपूर्वी लढाई संपली तेव्हा शेडबाहेरची बाकं पुरत नव्हती. त्या गर्दीत कप्तानाला घेऊन आला माझा धाकटा भाऊ. तो कप्तानाच्याच तुकडीत होता. भावाचे पाय हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. आई म्हणायची, याने दारात बूट काढले की पाहुण्यांनी चपला कुठे काढायच्या. एकदा त्यातल्या एका बुटात मांजर व्याली होती. तो फौजेत भरती झाला तेव्हा त्याच्या मापाचा बूट कोठारात नव्हता, म्हणून पठ्ठ्याने दोन महिने कवायत कॅनव्हासच्या फाटक्या जोड्यात केली. शेवटी खास त्याच्यासाठी बूट करवून घेतले. सगळ्या फौजेत बारा नंबरचा जोड हा एवढाच, असं कोठारवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. तेव्हापासून त्याचं नावच बारा नंबर पडलं. मीही रागावले की त्याला याच नावाने हाक मारते.

कप्तानाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. खुंट चांगला होता, जखम स्वच्छ भरली होती, आणि माणूस हट्टी होता. असे लोक लवकर चालतात. दोन कठड्यांच्या मधे मी त्याला रोज सकाळी उभा करायची. तोल गेला की तो शिव्या द्यायचा. मी म्हणायची, "शिव्या नंतर. तोल गेला तर आधी थांबायचं. मान वर. श्वास. मग टाच." चार महिन्यांत तो असा चालायला लागला की इस्पितळाच्या फाटकावरचा पहारेकरी त्याला भेटायला आलेला नातेवाईक समजला. मला एवढा आनंद झाला की मी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

तेव्हा कप्तान भेटेल त्याला सांगायचा, "या बारा नंबरने मला पाठीवर घालून आणलं. सहा किलोमीटर." सांगताना त्याचे डोळे भरायचे. ते खोटं नव्हतं, हे मी आजही मानते.

भाऊ मात्र लढाईबद्दल बोलत नसे. त्याला मी शेडमध्येच पट्टे शिवायला बसवलं होतं. दाभण आणि दोरा हातात असला की त्याला बरं वाटतं. एकदाच, मान खाली घालून शिवता शिवता, तो आपणहून बोलला.

"पूल साडेसहाला उडवायचा होता, ताई. पलीकडे आपले अकरा जण होते. ते आले की उडवायचा."

"मग?"

"साहेब घाबरले. सहा वाजून दहा मिनिटांनीच कळ दाबली. पुलाचाच तुकडा येऊन त्यांच्या पायावर बसला."

"आणि ते अकरा?"

"काठावर येऊन उभे होते. हात करत होते." त्याने दोरा दातांनी तोडला. "मला वाटतं, त्यांना वाटलं आम्ही काहीतरी करू."

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि मीही त्याला छेडलं नाही.

वर्षभराने शहिदांच्या चौथऱ्याचं उद्घाटन झालं. कप्तानाचा पाय त्या आठवड्यात माझ्याकडे दुरुस्तीला होता, म्हणून तो कुबडीवर गेला. व्यासपीठाला सात पायऱ्या होत्या. तो तिसऱ्या पायरीपर्यंत पोचला तोवर बसलेली सगळी माणसं आपोआप उभी राहिली होती. मी तिथेच होते. मीसुद्धा उभी राहिले. गर्दीत एका पक्षाचा सेक्रेटरी होता, बारीक, कायम रुमालाने मान पुसणारा. तो कप्तानाकडे बघतच नव्हता. तो उभ्या राहिलेल्या लोकांकडे बघत होता.

महिन्याभरात कप्तान नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. पहिली सभा भरली, तो माझ्या पायावर ताठ चालत व्यासपीठावर गेला, आणि कोणीही उठलं नाही. लोक शेंगा खात राहिले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी रुमाल घेऊन माझ्या शेडमध्ये हजर.

"बाई, तुमचा पाय फार चांगला झालाय."

"मग?"

"फारच चांगला झालाय."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी हातातली कानस टेबलावर आपटली आणि त्याला दार दाखवलं. माझ्या बापाने माझ्या हातात पटाशी दिली ती माणसं लंगडी करायला नाही.

संध्याकाळी कप्तान स्वतः आला. बाकावर बसला, पाय सोडला, आणि माझ्यासमोर ठेवला.

"थोडंसंच, ताई. निवडणुकीपुरतं."

"कंबर जाईल तुमची. दहा वर्षांत मणका वाकडा होईल."

"मणक्याचं मी बघतो." मग तो म्हणाला, "तारवाल्याचं कळलं ना तुम्हाला?"

कळलं होतं. तारवाला म्हणजे त्यांच्या तुकडीतला वायरलेसवर बसणारा. त्याने एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं की हुकूम साडेसहाचा होता. आठ दिवसांत त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाला टाळं लागलं, आणि पंधराव्या दिवशी तो स्वतःच नाहीसा झाला. त्याची बायको आमच्या शेडबाहेरच्या बाकावर येऊन बसायची. तिचं आमच्याकडे काही काम नव्हतं. कुठे जाऊन विचारायचं तेच कळत नाही, म्हणायची.

कप्तान भावाकडे बघत होता. भाऊ कोपऱ्यात पट्टा शिवत होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याचा दाभण थांबला होता.

खरं सांगते, मी त्या क्षणी कायद्याचा विचार केलाच नाही.

"मी करून देते," मी म्हणाले. "पण माझ्या भावाला यात ओढायचं नाही. व्यासपीठावर नाही, वर्तमानपत्रात नाही, कुठेच नाही. तो इथे पट्टे शिवणार, आणि मरेपर्यंत शिवणार."

"शब्द दिला," कप्तान म्हणाला.

नडगी आणि पाऊल यांच्या मधे लाकडाची एक चकती असते. तिच्यावर उंची जमवतात. मी दीड सेंटीमीटरची चकती काढली आणि पाऊल पुन्हा आवळलं. काढलेली चकती एका पत्र्याच्या डब्यात टाकली आणि डबा खणात ठेवला. कप्तान शेडच्या दारापर्यंत चालत गेला. खांदा खाली, वर, खाली, वर. दारात वळून माझ्याकडे बघून हसला. तो निवडून आला.

तीन वर्षांनी मोठी निवडणूक होती, आणि दुसरी चकती निघाली. तोवर गोष्टही बदलत चालली होती. आधी बारा नंबरने कप्तानाला आणलं होतं. मग दोघांनी एकमेकांना आणलं. दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी भिंतीभिंतीवर एक चित्र लागलं. कप्तान, पायातून रक्त वाहतंय, आणि पाठीवर एक जखमी जवान. जवानाचं तोंड दिसत नव्हतं. पण चित्रकाराने त्याचे पाय बरोबर काढले होते.

आम्ही दोघं बाजारातून येताना त्या चित्रासमोर उभे राहिलो. भाऊ बराच वेळ बघत होता.

"यात माझं नाव नाहीये," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे साहेबांनी शब्द पाळला, असंच म्हणायचं."

"म्हणू नकोस. गप्प बस."

"वजन अजून आठवतंय मला, ताई. जड माणूस आहे."

तिसरी चकती निघाली ती देशाच्या सगळ्यात वरच्या खुर्चीसाठी, आणि ती खुर्चीही त्याला मिळाली. तोवर कप्तान माझ्याकडे येईनासा झाला होता. त्याचा ड्रायव्हर पाय पेटीत घालून आणायचा आणि न्यायचा. मोठ्या सभेच्या आधी मात्र मला बोलावणं यायचं, कारण पट्टे माझ्या हाताने बांधलेलेच त्याला हवे असत. तो आता इतका लंगडायचा की बायका रडायच्या. अकरा जणांची नावं तो भाषणात एका श्वासात म्हणायचा, आणि सभा त्याच्या मागोमाग म्हणायची. मी रेडिओ बंद करायची. शेजारच्या घरातून ऐकू यायचंच.

मग या वर्षी त्याच्या भाषणांत नदीपलीकडच्या देशाविरुद्ध कागाळ्या सुरू झाल्या. रोज काहीतरी. त्यांनी अमुक केलं, तमुक केलं, आमच्या सहनशीलतेला मर्यादा आहे. लढाई होणार असं कोणी म्हणत नव्हतं. दूधवाला म्हणाला, नाही होणार, नुसता दम देतायत. मलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

गेल्या महिन्यात, एका सोमवारी, शेडमध्ये सरकारी पाकीट आलं. आत यादी होती. पायाचा वरचा भाग माप घेतल्याशिवाय करता येत नाही, कारण प्रत्येकाचा खुंट वेगळा. पण पाऊल आधी करून ठेवता येतं. त्याला बुटाचा नंबर पुरतो. रबराचा साचा असतो, ओतायचं आणि काढायचं. यादीत पावलं मागवली होती, तीन महिन्यांत हवी होती. एकूण दोन हजार चारशे.

मी खाली बसले. गेल्या वर्षभरात आम्ही एकशे दहा केली होती.

खाली नंबरवार तपशील होता. सहा नंबर, दोनशे साठ. सात नंबर, सातशे. आठ नंबर, आठशे तीस. ज्या पोरांचे पाय अजून शाबूत आहेत, जी आत्ता कुठेतरी त्याच पायांनी जिने चढत असतील, त्यांची ही मापं. नऊ, दहा, अकरा असं करत मी यादीच्या शेवटी आले. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, बारा नंबर, एक.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आमच्याकडे बारा नंबरचा साचाच नाही. सव्वीस वर्षांत कोणी मागितलेलाच नाही.

भाऊ कोपऱ्यात शिवत होता. मी कागद पदराखाली धरला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला फौजेचं काही पत्रबित्र आलंय का रे?"

"नाही. का?"

"काही नाही."

"छत्तीसचा झालो मी, ताई. मला कोण बोलावतंय? त्यांच्याकडे बूट तरी आहेत का माझे?" आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

मी सेक्रेटरीला फोन लावला. तो आता मोठा माणूस झालाय, पण माझा फोन घेतो. "यादी कोठाराच्या बुटांवरून केलीय, बाई," तो म्हणाला. "ज्यांना ज्यांना बूट काढून ठेवलेत, त्यांचा हिशेब. त्यात माणसांची नावं नसतात." मग म्हणाला, "गुरुवारी मोठी सभा आहे. साहेबांचा पाय दुरुस्तीला धाडतोय. पट्टे बांधायला तुम्ही या. तिथेच बोला."

पाय मंगळवारी आला. बुधवारी मी भावाला खिळे आणायला पाठवलं, खणातला डबा काढला, आणि तिन्ही चकत्या टेबलावर मांडल्या. त्यांच्यावर धूळसुद्धा नव्हती. लांब बोल्ट शोधला. तिन्ही चकत्या होत्या तिथे बसवल्या आणि पाऊल आवळलं. पाय पुन्हा चौदा वर्षांपूर्वीचा झाला.

माझा बेत सरळ होता. पाना पिशवीत टाकला. कप्तानाने भावाला सोडलं तर पाच मिनिटांत चकत्या काढून देईन. नाही सोडलं, तर जा म्हणावं लोकांसमोर, ताठ. इतक्या वर्षांचं लंगडणं एका रात्रीत कुठे गेलं ते लोकच विचारतील. किंवा तोल जाऊन पडेल. कंबरेला खोटी सवय लागली की खरी उंची पेलवत नाही.

सभेच्या मैदानामागे तंबू होता. बाहेर एवढी माणसं होती की त्यांच्या बोलण्याने तंबूचं कापड थरथरत होतं. कप्तान खुर्चीवर बसला होता, केस पांढरे झालेले, उजवा खुंट पुढे. मी गुडघ्यावर बसले आणि पट्टे बांधायला घेतले.

"बारा नंबर एकच का मागवलाय?" मी विचारलं.

त्याने आव आणला नाही. "कारण फौजेत त्या मापाचा माणूस एकच आहे."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता." तो माझ्या हातांकडे बघत होता. "पण हजारोंना बोलावतोय मी, ताई. आणि माझ्याच माणसाला घरी बसवलं तर लोक काय म्हणतील? तो आला की बाकीच्यांच्या आया मला काही विचारणार नाहीत."

"त्याने तुम्हाला आणलं. पाठीवर. सहा किलोमीटर."

"म्हणून तर," कप्तान म्हणाला. अगदी मऊपणाने म्हणाला.

पाना पिशवीत होता. मी तो काढला नाही. शेवटचा पट्टा ओढून बांधला आणि बाजूला झाले. बाहेर लाऊडस्पीकरवर त्याच्या नावाचा पुकारा झाला.

तो उभा राहिला आणि त्याला कळलं. कळणारच. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल, मला वाटलं कोणालातरी बोलावेल. पण बाहेरची माणसं त्याचं नाव घेत होती आणि वेळ नव्हता. तो पडदा बाजूला करून निघाला. मी कडेच्या फटीतून बघत होते.

पहिल्या पावलाला तो डावीकडे झुकला. दुसऱ्याला गडबडलाच, आणि पुढच्या रांगेतल्या कोणीतरी हात पुढे केला. सगळं मैदान चूप झालं. मी मनात म्हटलं, पड. एकदा पड.

तो थांबला. मान वर केली. श्वास घेतला. मग टाच टेकवली.

आणि चालत गेला. सातही पायऱ्या, ताठ, माझ्या कठड्यांमध्ये शिकला होता तसा, कुठला पाय आईचा आणि कुठला माझा हे कोणाला कळू नये असा. माइकसमोर उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "चौदा वर्षांत आज पहिल्यांदा माझा पाय दुखत नाहीये."

जो आवाज उठला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. माणसं रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. फटीच्या पलीकडे उभी असलेली एक म्हातारी हात जोडून म्हणत होती, लढाईचं नाव काढलं आणि बघा, बरा झाला. त्या मैदानावर तोवर लढाईचं नाव कोणीच काढलं नव्हतं. ते त्या म्हातारीने काढलं, आणि मग सगळ्यांनी.

भावाचं पत्र शनिवारी आलं. त्यासोबत एक खोकं होतं, आणि खोक्यात नवे बूट. भाऊ ते घालून शेडमध्ये चार फेऱ्या मारून आला. "चावत नाहीत गं," तो म्हणाला, जरासा खूश होऊन, आणि मग माझं तोंड बघून खाली बसून नाड्या सोडायला लागला. सोमवारी तो गेला. जाण्याआधी त्याने सव्वाशे पट्टे शिवून, मोजून, खुंटीला टांगून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी कप्तानाचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. साहेब म्हणाले, पाय छान झालाय, आता असाच राहू द्या.

सहा ते अकरा नंबरांची पावलं ओतून होत आली आहेत. मांडणीवर जागा उरली नाही, म्हणून जमिनीवर ओळी लावल्यात, बोटं भिंतीकडे करून. बारा नंबरचा साचा मी केलेला नाही. वरून दोनदा विचारणा झाली आहे.